तुळईतून निघालेली ईदी

रमजान जवळ आला की आमच्या घरात दोन याद्या तयार होतात. एक सहरी-इफ्तारच्या सामानाची आणि दुसरी ईदीची. पहिलीवर कधी वाद होत नाही, दुसरीवर दरवर्षी होतो. कोणाला किती द्यायचे, नोटा द्यायच्या की वस्तू, भाच्याला दिले तेवढेच पुतणीला द्यायचे की नाही, असे प्रश्न निघतात. शेवटी पाकिटात कोरी नोट घालून विषय मिटवला जातो. ती नोट दुसऱ्याच दिवशी पनवेलच्या बाजारात खर्च होते आणि कोणी दिली होती हे मुलांना आठवतही नाही.

गेल्या वर्षी आम्ही ईदीला पेन दिली. ती दुकानातून आणलेली नव्हती. घरच्याच लाकडाची, घरच्याच मुलाने लेथवर कातलेली होती. पाहणाऱ्या अनेकांनी कशी केली म्हणून विचारले, त्यामुळे या महिन्याचे पान त्यालाच देत आहोत. पण पेन कशी केली एवढेच सांगून थांबलो तर हकीकत अर्धीच राहील. ती वाटताना आम्हाला एक धडा मिळाला, तोही सांगायला हवा.

आमचे जुने घर पनवेलच्या मोहल्ल्यातले. कौलारू, लाकडी माडीचे, दादाजानच्या वडिलांनी बांधलेले. पावसाळ्यात चार ठिकाणी घमेली ठेवावी लागत. अखेर ते पाडून तिथे इमारत उभी करायचे ठरले. पाडकाम सुरू झाले तेव्हा जुने लाकूड घेणारा आला आणि वासे, दारे, खिडक्या एका रकमेत उचलायला तयार झाला. अब्बांनी एकच वस्तू मागे ठेवली, मधल्या खोलीची सागवानी तुळई. तिला पाळण्याची लोखंडी कडी होती. अब्बा, चाचा, थोरली फुफी, धाकटी फुफी, चौघेही त्याच कडीला टांगलेल्या पाळण्यात झोपलेले. तुळई ठेवली खरी, पण फ्लॅटमध्ये ती ठेवायची कुठे? कित्येक महिने ती एका ओळखीच्या सुताराच्या शेडमध्ये पडून होती.

पनवेलला लाकूडकाम नवे नाही. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचे आणि तिथून बोरघाट चढून पुण्याला जायचे, असा एकेकाळी रस्ता होता. १८३० मध्ये घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली. तोवर घाटावरच्या मालाची मोठी ये-जा पनवेलवरून बैलगाडीने चाले. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीची चाके बनवण्याचा उल्लेख आहे. घाटावरून आलेला गाडीवान परतताना इथून चाकांची जोडी घेऊन जाई, असेही त्यात नोंदले आहे. आज त्या चाकांचा मागमूस नाही. आरे कोणत्या लाकडाचे, लोखंडी धाव तापवून कशी चढवायची, हे सांगू शकणारी माणसेही आता फारशी भेटत नाहीत.

आमचा धाकटा मुलगा आयटीआयमधून टर्नरचा दोन वर्षांचा ट्रेड करून तळोज्याच्या एका कारखान्यात लागला आहे. दिवसभर लोखंडाचे शाफ्ट आणि बुश कातणे हे त्याचे काम. गेल्या वर्षी शाबान महिन्यात तो म्हणाला, "अब्बा, त्या तुळईची पेन होतील." आम्ही हसलो. पण दादाजाननी बांधकामाचे हिशेब आयुष्यभर बरूने, मग टाकाने, मग शाईच्या पेनने लिहिले होते. त्यांच्या घरातल्या लाकडाचे पेन, ही कल्पना मनात बसली.

लाकूड फिरवत ठेवून त्याला धारेने आकार देणे ही आपल्याकडची जुनी विद्या. मराठीत अशा कारागिराला कातारी म्हणतात, उर्दूत खरादी. घरातले लाटणे, ताकाची रवी, खाटेचे पाय, मुलांचा भोवरा, हे सगळे त्यांच्याच हातचे. कोकणात सावंतवाडीचे चितारी लाकडी फळे, खेळणी आणि गंजिफा आजही घडवतात. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणमध्ये तर कातलेल्या खेळण्यांवर गावच्या गाव जगले, आणि त्या कारागिरांत मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. टिपू सुलतानांनी इराणहून कारागीर बोलावून ही कला तिथे रुजवली, असे परंपरेने सांगितले जाते. रंग द्यायची त्यांची रीत पाहण्यासारखी असते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याची पात दाबून धरली की चकाकी येते. ब्रश नाही, रंगाचा डबा नाही.

पेनाचेही असेच. १९३० च्या दशकात आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी हाताने कातलेली स्वदेशी पेन बनवली आणि १९३५ मध्ये गांधीजींनी पत्र लिहून त्यांच्या पेनाबद्दल पसंती कळवली. त्याच दशकात, १९३१ मध्ये, मुंबईत दांडेकरांनी शाईचा धंदा सुरू केला, तोच पुढे कॅम्लिन झाला. आपल्या दृष्टीने तर कलमाचे मोल वेगळे सांगायला नको. कुरआनच्या अडुसष्टाव्या सूरहचे नावच अल-कलम आहे आणि अवतरलेल्या पहिल्या आयतींतही कलमाने दिलेल्या ज्ञानाचा उल्लेख आहे. हाताच्या कामाचेही तसेच. हजरत जकरिया (अ.) सुतारकाम करीत आणि हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हाताच्या कमाईचे खात, असे हदीसमध्ये आले आहे.

आता कृती सांगतो. ज्यांच्या घरी किंवा ओळखीत लाकडाचा छोटा लेथ आहे त्यांना ती जमेल. नसेल तर जवळच्या खरादकाम करणाऱ्याकडून तेवढे काम करून घ्यावे आणि बाकीचे घरी करावे.

जुने लाकूड सर्वांत चांगले, कारण ते पुरते वाळलेले असते. ओले लाकूड पेन झाल्यावर आकसते आणि तडकते. पण जुन्या लाकडात खिळे असतात. आधी चुंबक फिरवून ते शोधा आणि काढा. आमचे एक करवतीचे पाते याच चुकीने गेले. मग साधारण पाच इंच लांब आणि पाऊण इंच जाड असे चौकोनी तुकडे कापा. प्रत्येक तुकड्याच्या एका बाजूला पेन्सिलने लांब रेघ ओढा आणि मग तो मधून कापून दोन भाग करा. पेन जोडताना ती रेघ जुळवली की लाकडाच्या नसा एका भागातून दुसऱ्यात सलग जातात. ही रेघ विसरलात तर पेन दोन वेगळ्या झाडांचे वाटते.

बारीक फिरकीच्या बॉलपेनचे सुटे भाग तयार मिळतात. त्यात पितळेच्या दोन नळ्या, टोक, क्लिप, फिरकी आणि रिफिल असते. त्या नळ्यांसाठी लाकडाला ७ मिलिमीटरचे आरपार भोक पाडावे लागते. इथेच सर्वाधिक तुकडे वाया जातात. ड्रिल घाईने दाबले तर ते तापते, वाट सोडते आणि बाजूने बाहेर येते. थोडे आत न्या, बाहेर काढा, भुसा झटका, पुन्हा न्या. नळ्या पॉलिशपेपरने खरखरीत करा आणि दोन ट्यूब मिसळून करायच्या चिकट गोंदाने आत बसवा. सागात तेल असते, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. म्हणून भोक आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावे. मग एक रात्र हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी तुकड्यांची टोके नळीच्या बरोबरीने सपाट करून ते लेथवरच्या सळईवर चढवायचे. दोन्ही टोकांना छोटे बुश असतात. लाकूड त्या बुशाच्या जाडीपर्यंत उतरवायचे, त्याखाली नाही. गोल धारेची पटाशी आडव्या टेकूवर ठेवून हलक्या हाताने चालवायची. सागात वाळूसारखा कठीण अंश असतो, तो धार लवकर मारतो. पटाशी वारंवार पाजवावी लागते. लोखंडाच्या लेथवर हत्यार घट्ट बांधलेले असते, इथे ते हातात धरायचे. आमचा मुलगा पहिल्या दिवशी घामाघूम झाला. म्हणाला, "लोखंड सगळीकडे सारखं असतं, लाकूड दर इंचाला बदलतं."

आकार आला की १५० नंबरच्या पॉलिशपेपरपासून ६०० पर्यंत क्रमाने घासायचे. मधला नंबर टाळला तर ओरखडे शेवटी चकाकीतून डोकावतात. शेवटी चपडा लाखेचे पॉलिश फडक्यावर घेऊन फिरत्या लाकडावर लावायचे. सागाचा रंग तिथे पहिल्यांदा खरा दिसतो. मग वाइसच्या जबड्यांना लाकडी फळ्या लावून सुटे भाग हळूहळू दाबून बसवायचे.

सुरक्षेबद्दल दोन गोष्टी, आणि त्या हसण्यावारी नेऊ नयेत. लेथजवळ ओढणी, दुपट्टा, सैल बाही, मोकळे केस, अंगठी, घड्याळ यांतले काहीही नको. फिरती सळई कापड ओढून घेते आणि हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. मुली शिकणार असतील तर जरूर शिकाव्यात, पण ओढणी कुर्त्यात घट्ट खोचून आणि बाही कोपरापर्यंत नीट बांधून. चष्मा आणि नाका-तोंडावर मास्क हवाच. शिसवीसारख्या काही लाकडांच्या भुशाने त्वचेला आणि छातीला त्रास होतो. रोज्यात हे काम करू नये असे आमचे मत आहे. आम्ही ते शाबानच्या चार रविवारांत उरकले.

अठरा तुकडे कापले. चार वाया गेले, चौदा पेन झाली. हिशेब नेमका बसला. चौघे थोरले आणि दहा नातवंडे. लहान मुलांनी पॉलिशपेपर घासायला मदत केली, मोठ्या मुलीने खाकी कागदाची पाकिटे शिवली. मुलांना जास्त आणि मुलींना कमी असे काही ठेवायचे नाही, हे आधीच ठरले होते. नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षीदार होण्याची विनंती केली, तेव्हा सर्व मुलांना असेच दिले आहे का, असे प्रेषितांनी विचारले. नाही म्हणताच त्यांनी साक्ष द्यायला नकार दिला. ही हदीस आम्ही घरात अनेकदा सांगितली आहे. चौदा पेन एकसारखी पाहून आम्हाला मनातून बरे वाटले होते.

फक्त एक पेन वेगळे होते. पाळण्याच्या कडीजवळचा तुकडा होता तो. लोखंडाच्या संगतीने तिथले लाकूड काळे पडले होते. पॉलिशनेही तो डाग गेला नाही. मुलगा म्हणाला, हे आपण ठेवू.

ईदच्या दिवशी नमाज झाली, शीरखुर्मा झाला आणि सगळे आमच्याकडे जमले. महाडहून थोरली फुफी आली होती, मुंब्र्याहून धाकटी. पाकिटे वाटली. मुलांनी लगेच हातांवर नावे लिहून पाहिली. थोरल्या फुफीने आपले पेन उघडले, वास घेतला आणि विचारले, "कुठल्या तुळईचं?" आम्ही सांगितले. तेव्हा ती म्हणाली, "कडीजवळचं आहे का एखादं?" मुलाने खिशातले काळ्या डागाचे पेन काढून तिच्या हातात दिले. तिने ते बराच वेळ बोटांत फिरवले. मग अब्बांकडे पाहून शांतपणे म्हणाली, "भाईजान, परवाच्या कागदावर सही ह्याच पेनानं करू का?"

खोलीत कोणी बोलले नाही.

परवाचा कागद म्हणजे हक्कसोडपत्र. नव्या इमारतीतल्या जागा अब्बा आणि चाचांच्या नावावर घ्यायच्या, तर दोन्ही बहिणींनी आपला हक्क सोडल्याचे नोंदवायला हवे, असे ठरले होते. ठरले म्हणजे भावांनी ठरवले होते. वकिलाने मसुदा केला होता. ईदच्या दोन दिवसांनी सगळ्यांनी निबंधकाच्या कचेरीत जायचे होते. फुफींना फोनवर कळवले होते आणि त्या हो म्हणाल्या होत्या. त्या हो का म्हणाल्या, हे आम्ही कोणीच विचारले नव्हते. माहेर तुटू नये म्हणून बहीण हो म्हणते, हे काय आम्हाला माहीत नव्हते?

आम्ही नोमान (रजि.) यांची हदीस मुलांना सांगत होतो. चौदा पेनांची लांबी पट्टीने मोजत होतो. आणि त्याच घराच्या वाटणीत दोन बहिणींच्या नावापुढे शून्य लिहिले होते. ज्या तुळईचे पेन आम्ही प्रेमाने भेट देत होतो, ती तुळईही एक षष्ठांश तिचीच होती.

हे एक षष्ठांश सांगतो, कारण बऱ्याच घरांत हिशेब माहीत असूनही तोंडावर येत नाही. दादाजान आणि दादीजान दोघेही हयात नाहीत. वारस दोन मुले आणि दोन मुली. कुरआनच्या सूरह अन-निसामध्ये मुलाचा वाटा दोन मुलींइतका सांगितला आहे. म्हणजे एकूण सहा भाग. अब्बांचे दोन, चाचांचे दोन, दोन्ही फुफींचा प्रत्येकी एक. हा वाटा वडिलांच्या मृत्यूबरोबरच त्यांचा झाला. तो आम्ही द्यायचा नव्हता, तो त्यांचाच आमच्याकडे पडून होता.

त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. सकाळी फजरनंतर चाचांकडे गेले. चाचांचे म्हणणे नेहमीचे होते. लग्ने आपण केली, दागिने दिले, बाळंतपणे केली, दर सुट्टीला माहेरपण करतो. अब्बा म्हणाले, "ते सगळं आपण केलं, बरोबर. पण ते आपण वाटणीचं म्हणून दिलं नव्हतं. आता तसं म्हणायला लागलो तर दिलेलंही गेलं." कागद थांबवला गेला. नवा मसुदा झाला, त्यात चार नावे आली. चाचांनी सही केली, पण नंतर कित्येक महिने ते आमच्या घरी आले नाहीत. बकरी ईदला त्यांच्या मुलाने गोश्त आणून दिले, ते स्वतः आले नाहीत. अजूनही पूर्वीसारखी ये-जा नाही. सगळे गोड झाले असे लिहिले तर ते खोटे होईल.

थोरल्या फुफीने सही केली ती त्याच काळ्या डागाच्या पेनाने. सही करून तिने टोपण फिरवले आणि म्हणाली, "बरं लिहितं."

या हकीकतीतून आम्हाला जे कळले ते थोडक्यात असे. हदिया ही चांगली गोष्ट आहे. तिने मने जवळ येतात, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. पण हदिया हक्काच्या जागी देता येत नाही. बहिणीला ईदला साडी, ड्रेस, मिठाईचा पुडा किंवा आमच्यासारखे हाताने केलेले पेन दिले म्हणून तिचा वाटा फिटत नाही. आधी हक्क तिच्या हातात जावा. तो हातात आल्यावर, कोणाच्या दडपणाशिवाय, तिला भावाला काही द्यावेसे वाटले तर तो तिचा हदिया. फोनवर मिळालेल्या एका "हो"ला मात्र राजीखुशी म्हणू नये. हक्कसोडपत्राची नोंदणी होते. बहिणीच्या मनात काय आहे, हे त्या नोंदणीत कुठेच उतरत नाही.

यंदा ज्यांना पेन करायची आहेत त्यांच्यासाठी शेवटची दोन शब्दांची सूचना. शेजाऱ्याचे घर पाडले जात असेल तर लाकूड विचारून घ्या. आंबा, फणस, चिंच, बाभूळ, कशाचेही पेन होते. जिवंत झाड पेनासाठी तोडू नका. मोडकी खाट, खिडकीची चौकट, पाटाचा तुटलेला तुकडा, एवढेही पुरते. रिफिल बाजारात मिळते का ते आधी पाहून मगच सुटे भाग मागवा, नाहीतर तीन महिन्यांत पेन शोभेचे होईल. पहिली दोन-तीन बिघडणार हे धरून चाला आणि ती मुलांना सरावाला द्या.

तुळईचा हातभर तुकडा अजून शिल्लक आहे. या शाबानमध्ये मुलाने त्यातून एकच पेन केले आहे. ते चाचांच्या नव्या सुनेसाठी. गेल्या वर्षी ती घरात नव्हती, त्यामुळे मोजणीत राहिली होती. ते द्यायला ईदला आम्ही स्वतःच चाचांकडे जाणार आहोत, इन्शाअल्लाह. दार उघडेल, अशी दुआ करा.

सर्व वाचकांना रमजान मुबारक.